उपासना चालू असताना बाळ भुकेलं तर

गेल्या अंकात या सदरातून तान्ह्या बाळांच्या आयांना एक प्रश्न विचारला होता. रविवारी चर्चच्या उपासनेत बाळ भुकेलं, तर तुम्ही काय करता? कोल्हापूर शहरातून, तसंच कागल, गडहिंग्लज, उचगावकडून पत्रं आली. बहुतेकींचं उत्तर एकाच शब्दात मावतं: बाहेर. निवडक पत्रं थोडक्यात देऊन खाली उत्तरं दिली आहेत. पत्रं मोकळेपणानं लिहिलेली असल्यामुळे सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. ती रडायला लागली की लगेच स्वयंसेवक येतात आणि 'ताई, जरा बाहेर घेता का' म्हणतात. बाहेर म्हणजे चपलांच्या रॅकजवळ, नाहीतर गाडीत. मागच्या रविवारी पाळकांचा अख्खा संदेश चुकला. बाकावर बसूनच पाजलं तर चालेल का? आणि कुणाला न दिसता पाजायचं कसं?
– एक आई, शाहूपुरी

चालेल. ताई, तुम्ही उपासनेला आलेल्या आहात, गाडी राखायला नाही.

आधी वेळेचं गणित पाहू. अडीच महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून साधारण ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. घरातून निघणं, उपासनेचे दीड-दोन तास, त्यातच एखादा बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन (येशूच्या स्मरणाचा भाकर-द्राक्षरसाचा विधी) असलं तर आणखी अर्धा तास, नंतर अंगणातली विचारपूस. एवढ्या वेळात एकदा तरी पाजावं लागणारच. त्यामुळे 'घरून पाजून या' हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. निघण्याआधी अर्धा तास जरूर पाजा, पण तेवढ्यावर उपासना निभेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट, रडू येईपर्यंत थांबू नका. रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ मान इकडेतिकडे वळवतं, तोंड उघडतं, मूठ तोंडात घालतं, ओठ चाटतं. या खुणा दिसल्या की लगेच अंगावर घ्या. रडणाऱ्या बाळाची जीभ वर उचललेली असते, त्यामुळे त्याला स्तन नीट धरता येत नाही. मग आधी पाच-दहा मिनिटं शांत करा, मग पाजा, आणि तोवर सगळ्या माना मागे वळलेल्या. ज्या आवाजाची तक्रार होते तो पाजण्याचा नसतो, पाजायला उशीर झाल्याचा असतो.

बसायची जागा लवकर येऊन निवडा. भिंतीकडचं टोक सगळ्यात चांगलं. डाव्या बाजूनं पाजायचं असेल तर भिंत डाव्या हाताला हवी. बाळाचं डोकं तिकडे येतं आणि शेजारच्या बाकाला फक्त तुमची पाठ-खांदा दिसतो. साऊंड बॉक्सच्या समोरची जागा टाळा. ढोलकी आणि कीबोर्डच्या दणक्यात बाळ दचकून सोडतं, आणि एवढ्या लहान कानांना तो आवाज बराही नाही. पंखा थेट अंगावर नको, पण वारा हवा.

साडी नेसला असाल तर निम्मं काम झालेलं आहे. फक्त पदराच्या निऱ्या घालून खांद्यावर पिन लावू नका, पदर मोकळा सोडा. ब्लाउजचे हुक वरून काढायची सवय असेल तर ती बदला. खालचे दोन हुक काढा, वरचे तसेच राहू द्या आणि ब्लाउज खालून वर सरकवा. असं केलं की वरचा भाग झाकलेला राहतो आणि खालचा बाळाच्या तोंडानं झाकला जातो. उजव्या बाजूला पाजताना पदराचं टोक पाठीमागून उजव्या खांद्यावर घ्या. प्रार्थनेच्या वेळी आपल्याकडे बऱ्याच जणी डोक्यावरून पदर घेतात, तोच दोन्ही खांद्यांवरून पुढे सोडला की दोन्ही बाजू झाकतात आणि कुणाला काही वेगळं वाटतही नाही. पंजाबी ड्रेस असेल तर बाजूला उभी चेन असलेला फीडिंग कुर्ता घ्या, किंवा साध्या कुर्त्याला शिंप्याकडून दोन्ही बाजूंच्या शिवणीत २० सेंटिमीटरची चेन बसवून घ्या. कडक चेन बाळाच्या गालाला बोचते, म्हणून आतून कापडी पट्टी लावायला सांगा.

बाकाला हात टेकवायला जागा नसते, हा खरा त्रास. कोपर अधांतरी राहिलं की पाच मिनिटांत खांदा भरून येतो, हात खाली येतो, बाळ स्तनापासून ओढलं जातं आणि चिडतं. घरून येताना एक शाल किंवा लहान उशी आणा. १०-१५ सेंटिमीटर उंचीची घडी करून कोपराखाली ठेवा. पाय समोरच्या बाकाच्या खालच्या पट्टीवर टेका, मांडी थोडी वर येते. बाळाच्या तोंडापर्यंत वाकून पाजू नका, बाळच छातीच्या उंचीला आणा. सतरंजीवर बसणाऱ्या खेड्यातल्या चर्चच्या मंडळ्यांत हा प्रश्न येतच नाही. मांडी घातली की कोपराला गुडघा आहेच.

आता धरणं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं हवं, मान वळलेली नको. नाक बोंडीच्या समोर ठेवा, बाळानं मोठा आ केला की हनुवटी आधी स्तनाला लागेल असं जवळ घ्या. खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसला, आणि बोंडीभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वर जास्त दिसला, तर पकड बरोबर आहे. नीट पिणाऱ्या बाळाचा फक्त गिळण्याचा हलका आवाज येतो. शांत प्रार्थनेत चक् चक् ऐकू येत असेल तर पकड वरवरची आहे. तीच पकड बोंडीला चिरा पाडते आणि पोटात हवाही भरते. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून हलकेच सोडवा आणि पुन्हा लावा. तसंच ओढून काढू नका.

फीडिंग कव्हर वापरायचं की नाही, ते तुमच्यावर. घेतलंच तर सुती मलमलीचं घ्या, साधारण एक मीटर लांब. गळ्याशी ताठ पट्टी असलेलं असेल तर वरून बाळाचा चेहरा दिसतो, आणि तो दिसलाच पाहिजे. सिंथेटिक कापडाखाली एप्रिल-मे महिन्यात बाळ घामानं निथळतं, लालबुंद होतं आणि कव्हर ओढायला लागतं. मग झाकण्यासाठी घेतलेल्या कव्हरनंच सगळ्यांचं लक्ष जातं. पदर असो की कव्हर, नाकाशी हवा खेळती ठेवा.

पिऊन झालं की बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. त्याला गाण्याची वेळ सोयीची. दूध ओघळलं तर पुसायला एक हातरुमाल खांद्यावर आधीच टाकून ठेवा.

आणि स्वयंसेवक पुन्हा आले तर एवढंच म्हणा: 'दादा, बाळाला पाजतेय, दोन मिनिटांत शांत होईल.' खरोखरच होतं.

आमच्या वेळंला बाळंतीण सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. आताच्या पोरी पंधरा दिवसांत बाळ घिऊन देवळात येत्यात आन् चारचौघांत पाजत्यात. नजर लागती, दूध आटतंय. सुनंला सांगितलं तर तिला राग येतो. माझं काय चुकलं?
– एक आजी, गडहिंग्लज

आजी, सव्वा महिन्याचं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. कारण मात्र विटाळाचं नाही. बायबलमधल्या लेवीयच्या १२व्या अध्यायात मुलगा झाला तर एकूण चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस सांगितले आहेत, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया त्याच नियमाप्रमाणे मंदिरात जाते. आपल्या मंडळीत तो नियम कुणावर बांधलेला नाही. पण बाळंतपणानंतर अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालू राहू शकतं, टाके भरायचे असतात, आणि बाळाची पुढची लस सहा आठवड्यांनी असते. खोकल्या-सर्दीच्या गर्दीत त्याआधी बाळाला न नेलेलं बरं. सुनेला 'बाहेर पडू नको' म्हणण्याऐवजी 'अजून महिनाभर अंग टेकव, मी आहे' म्हटलंत तर तिला राग येणार नाही.

आता नजरेचं. नजरेनं दूध आटत नाही, पण नजरेच्या धाकानं पान्हा अडतो, हे खरं आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते दुधाच्या पिशव्या दाबतं आणि पान्हा येतो. आई भेदरलेली असली, कुणीतरी टक लावून बघतंय असं तिला वाटत असलं, तर हे संप्रेरक अडखळतं. दूध असतं, पण उतरत नाही. बाळ ओढतं, चिडतं, सोडतं. जुन्या बायकांनी हे पाहिलं आणि त्याला नजर म्हटलं. दूध खरंच कमी होतं ते वेळा चुकवल्यामुळे. जेवढं बाळ पितं तेवढं दूध तयार होतं, रविवारी बाहेर काढल्याच्या लाजेनं आई दर आठवड्याला एक वेळ चुकवायला लागली आणि तिथे बाटली आली, की सुरुवात होते.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी तुम्ही सुनेच्या शेजारी, मधल्या वाटेच्या बाजूला बसा. पदर सरकला तर तुम्ही सारखा करा, ढेकर काढायला बाळ तुम्ही घ्या. सासू शेजारी बसलेली असताना बाहेर घ्या म्हणायला कुणी येत नाही.

मी मंडळीचा वडील (चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक) आहे. उपासनेत पाजण्यावरून काही पुरुष सभासदांनी लेखी तक्रार दिली आहे. तरुण मुलांचं लक्ष विचलित होतं असं त्यांचं म्हणणं. पंचांच्या बैठकीत 'आयांनी बाहेर जावं' असा ठराव आणण्याचा विचार आहे. शास्त्रात हन्नानेही आपल्या मुलाचं, शमुवेलाचं, दूध तुटेपर्यंत मंदिरात जाणं टाळलं होतं, हा दाखला एका वडिलांनी दिला. आपलं मत कळवावं.
– कोल्हापूर शहर

ठराव आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हन्नाचा दाखला पूर्ण वाचावा. १ शमुवेल १ मधली ती जाण्याची गोष्ट दर रविवारची नाही. शिलो इथल्या मंदिराला वर्षातून एकदा होणारी, डोंगरातून पायी जायची यात्रा आहे ती. आणि राहायचं ठरवते ती हन्ना. २३व्या वचनात तिचा नवरा एलकाना तिला म्हणतो की तुला बरं वाटेल ते कर. म्हणजे या उताऱ्यातून निघालाच तर एवढाच नियम निघतो की कधी यायचं ते आईनं ठरवावं आणि घरच्यांनी ते मानावं. याजकानं किंवा वडिलांनी तिला अडवल्याचा तिथे शब्द नाही.

उलट ठरावाच्या विरोधात जाणारं वचन योएलच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिलेलं आहे. उपासाची सभा बोलवा, मंडळी पवित्र करा, वडीलधाऱ्यांना जमवा आणि अंगावर पिणाऱ्या बाळांनाही जमवा, असं १६व्या वचनात येतं. पिणारं बाळ सभेत बोलावलं म्हणजे पाजणारी आई आलीच. तिच्याशिवाय ते येणार कसं? स्तोत्र ८ मध्ये तान्ह्या मुलांच्या तोंडून स्तुती होते, आणि मत्तय २१:१६ मध्ये येशू तेच वचन सुनावतो ते मंदिराच्या आवारात, मुलांचा आवाज ज्यांना खपत नव्हता त्या मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना. यशया ६६ मध्ये तर यरुशलेम नगरीच आई होऊन पाजते आहे. पौल थेस्सलनीकाकरांना लिहिताना आपल्या सेवेला लेकरांना पोसणाऱ्या दाईची उपमा देतो. हे शब्द आपण व्यासपीठावरून वाचतो. ते ज्या गोष्टीचे आहेत, ती गोष्ट तिसऱ्या बाकावर घडली तर ती लाजिरवाणी कशी ठरेल?

हे पाश्चात्त्य खूळ आहे, असंही तक्रारीत असल्याचं आपण लिहिलं आहे. पदराखाली घेऊन पाजणं आपल्या आज्या-पणज्यांचं आहे, ते कुणी बाहेरून आणलेलं नाही. १८५२ साली रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हाही इथल्या बायका पोरांना पदराखालीच पाजत होत्या. आणि बाहेरचं म्हणाल, तर बेथलेहेमात जन्माच्या मंदिराजवळ 'दुधाची गुहा' नावाचं प्रार्थनास्थळ आहे. मरीया बाळ येशूला पाजत असताना दुधाचा थेंब खडकावर पडला आणि खडक पांढरा झाला, अशी तिथली आख्यायिका. युरोपातल्या चर्चमध्ये येशूला पाजणाऱ्या मरीयेची चित्रं शतकानुशतकं लावली गेली. जानेवारी २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये बाळांचे बाप्तिस्मे चालू असताना पोप फ्रान्सिस यांनी आयांना, बाळं भुकेली असतील तर खुशाल पाजा, असं जाहीरपणे सांगितलं. आपण कॅथलिक नसलो तरी ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

कायद्याच्या बाजूनं, फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कमीपणा आणणारी वागणूक नसावी असं म्हटलं आणि राज्यांनी सार्वजनिक जागी पाजण्याच्या खोल्या करण्यावर भर दिला. उद्या एखाद्या आईनं तुमच्या ठरावाची प्रत कुणाला दाखवली, तर मंडळीला तो शोभणार नाही.

तरुण मुलांविषयी आम्ही स्पष्टच लिहितो. नजर सांभाळायची जबाबदारी ज्याची नजर त्याची. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोळ्याविषयी जे कठोर शब्द आहेत ते बघणाऱ्याला उद्देशून आहेत. युवक संघाच्या सभेत पाळकसाहेबांनी दहा मिनिटं हा विषय घेतला, तर ठरावापेक्षा जास्त काम होईल. आईला पाजताना पाहून मोठी झालेली मुलं तिकडे वळूनही बघत नाहीत, हे खेड्यातल्या कुठल्याही मंडळीत दिसतं.

ठरावाच्या जागी चार कामं करता येतील. पहिलं, स्वयंसेवकांना बदललेलं वाक्य द्या. 'बाहेर घेता का?' या जागी 'ताई, पाणी आणून देऊ का? भिंतीकडची जागा हवी का?' आणि हे विचारायला शक्यतो बाईमाणूस जावी. दुसरं, भिंतीकडच्या दोन बाकांची टोकं रिकामी ठेवायला सांगा, पण त्यावर पाटी लावू नका. पाटी लागली की ती सोय राहत नाही, ती हद्द होते. तिसरं, थेट प्रक्षेपण. बऱ्याच आयांनी आम्हाला लिहिलंय की त्यांना बाकावरच्या माणसांची भीती नाही, कॅमेऱ्याची आहे. गाणं चालू झालं की कॅमेरा बाकांवरून फिरतो आणि ते दृश्य यूट्यूबवर कायमचं राहतं. कॅमेरा व्यासपीठावर स्थिर ठेवा. मंडळी दाखवायचीच असेल तर मागून, पाठीकडून दाखवा. पाजणारी आई चुकून आली असेल तर तेवढा भाग त्याच दिवशी काढून टाका. बाप्तिस्म्याच्या वेळी मोबाइल घेऊन पुढे धावणाऱ्या पाहुण्यांनाही हे आधी सांगावं.

चौथं काम पुढच्या पत्रात येतं.

आमच्या महिला मंडळानं मंदिराच्या मागची आठ बाय दहा फुटांची खोली पाजण्यासाठी मागितली आहे. पंचांनी होकार दिला. खोलीत काय काय लागेल?
– महिला मंडळ, कसबा बावडा

अभिनंदन. नाव 'हिरकणी कक्ष' ठेवा. एसटी स्टँडमुळे ते सगळ्यांना ओळखीचं आहे, आणि बाळाला पाजायला रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव पाटीवर बरं दिसतं.

आठ बाय दहात दोन आया सहज बसतात. हात असलेल्या दोन खुर्च्या घ्या, बसायची उंची ४० ते ४५ सेंटिमीटर. प्लॅस्टिकची चालेल, पण पाठीला उशी हवी. सोफा नको, त्यात बाई रुतते आणि टाके ओले असतील तर उठताना कळ येते. प्रत्येक खुर्चीपुढे १०-१५ सेंटिमीटरचा पाट. दोन्ही खुर्च्यांमध्ये ओढायचा पडदा. दाराच्या आत दोन फुटांवर दुसरा पडदा, म्हणजे दार उघडलं तरी थेट आत दिसत नाही. हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. आतून कडी, पण अडचणीत बाहेरून उघडता येईल अशी. पंखा, मंद दिवा, हात धुवायला बेसिन, साबण, पिण्याचं पाणी, झाकणाची कचरापेटी. पाजणाऱ्या बाईला तहान फार लागते, म्हणून पाण्याचा जार खुर्चीवरून हात पोचेल असा ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च स्पीकरचा. व्यासपीठाच्या मायक्रोफोनची एक वायर या खोलीपर्यंत आणा, आत छोटा स्पीकर लावा आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण खोलीतच ठेवा. ज्या खोलीत संदेश ऐकू येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी आईला उपासनेतून बाहेर काढते.

लंगोट बदलायची जागा इथे करू नका. एक तर वास आणि स्वच्छता, दुसरं म्हणजे बाळाच्या बाबांना मग तिथे येता येत नाही आणि ते काम आपोआप आईकडे जातं. व्हरांड्यात ९० सेंटिमीटर उंचीची भक्कम फळी, त्यावर रेक्झिनची गादी, कडेला उंचवटा, एवढं पुरे. शौचालयाला लागून पाजायची जागा तर कधीच नको. आपण तिथे बसून जेवणार नाही.

अशा खोल्यांचं काय होतं तेही सांगतो, कारण हे नेहमी होतं. चार महिन्यांत त्यात नाताळचा तारा, मांडवाचं कापड, सतरंज्या आणि खुर्च्यांची थप्पी येऊन बसते. खोली सुरू करण्याआधी या सामानाची दुसरी जागा ठरवा, आणि दर शनिवारी संध्याकाळी खोली उघडून झाडायची पाळी लावा. दुसरं बिघडणं याहून वाईट. खोली झाली की बाकावर पाजणाऱ्या आईला लोक म्हणायला लागतात, 'आता खोली आहे ना?' उद्घाटनाच्या दिवशीच पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगावं की खोली ज्यांना हवी त्यांच्यासाठी आहे, आणि बाकावर पाजायला पूर्वीसारखीच मुभा आहे. दोन-तीन वेळा सांगावं लागेल.

माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. 'अजून पाजतेस?' असं मंडळीतल्या बायकाच विचारतात. तो भर प्रार्थनेत ब्लाउज ओढतो.
– एक आई, उचगाव

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे: जन्मानंतर पहिल्या तासात सुरुवात, सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही. चौदा महिने म्हणजे मधला टप्पा. उत्पत्ती २१ मध्ये अब्राहाम इसहाकाचं दूध तुटल्यावर मोठी मेजवानी देतो. दूध तुटायचा दिवस समारंभाचा होता, घाई करून उरकायचा नव्हता.

ब्लाउज ओढण्याचं मात्र बघायला हवं. या वयात तो भुकेपेक्षा कंटाळ्यानं मागतो. दीड तास बसणं त्याला झेपत नाही. निघताना पोटभर खाऊ घाला, पिशवीत केळं, मऊ पोळीचे तुकडे ठेवा. घरीच एक शब्द ठरवा, 'मम्मा नंतर' किंवा काहीही, आणि तो म्हटला की हात धरून लक्ष दुसरीकडे न्या. कधी हो कधी नाही असं केलंत तर ओढणं वाढतं. प्यायलाच हवं असेल तर सुरुवातीच्या गाण्यात द्या, प्रार्थनेपर्यंत तो मोकळा होतो.

काढलेलं दूध घेऊन आलं तर? (एक बाबा, नागाळा पार्क)

चालतं, बाबांना मदतही करता येते. स्वच्छ हातानं काढून, उकळलेल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या. २५ अंशांपर्यंतच्या हवेत ते चार तास टिकतं. एप्रिल-मे महिन्यात मंदिरात त्याहून जास्त गरम असतं, तेव्हा बर्फाच्या पिशव्या असलेल्या डब्यातूनच आणा. गरम करायला भांडं कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली लहान वाटी) वापरा. पिऊन उरलेलं परत ठेवू नका. आणि बाळ वाटीनं प्यायलं तरी आईनं त्या वेळचं दूध काढायला हवंच, नाहीतर छाती भरून दगड होते.

प्रभुभोजनाच्या वेळी बाळ अंगावर असेल तर? (कागल)

जागेवर ट्रे फिरत असेल तर प्रश्नच नाही, एक हात मोकळा ठेवा. पुढे जायची पद्धत असेल तर बाळाला ओढून सोडवू नका. शेजारणीकडून वडिलांना निरोप द्या, ते आजारी सभासदांना देतात तसं बाकापर्यंत आणून देतील. बाळाच्या डोक्यावर द्राक्षरस सांडू नये म्हणून आधी भाकर, मग पेला, आणि पेला घेताना थोडं पुढे वाका.

गुड फ्रायडेला १२ ते ३ उपासना असते. उपास धरू का? (शाहूपुरी)

पाजत असाल तर निर्जळी धरू नका. एका वेळच्या उपासानं दूध आटत नाही, पण उन्हाळ्यात पाणी न पिता तीन तास बसून पाजलं तर चक्कर येते, आणि हातात बाळ असतं. पाणी, ताक, लिंबू-सरबत घेत राहा. वधस्तंभावरून येशूनं उच्चारलेल्या सात शब्दांवर संदेश होतात, त्यांपैकी चौथ्या किंवा पाचव्या शब्दाच्या आसपास बाळ हमखास भुकेतं, त्याची तयारी ठेवा.

प्रीतिभोजनातला तांबडा रस्सा खाल्ला तर बाळाला जुलाब होतात म्हणे. (गडहिंग्लज)

होत नाहीत. लसूण-मसाल्याचा वास दुधाला थोडा येतो, तिखटपणा जात नाही. तुम्हाला सोसत असेल तेवढं खा.

दुसऱ्याचं बाळ रडलं तरी माझा ब्लाउज ओला होतो. आणि एकदा उपासनेत पाजायचं टाळलं, तर रात्री एका बाजूला गाठ आणि ताप आला.
– एक आई, लक्ष्मीपुरी

रडणं ऐकून पान्हा फुटणं अगदी स्वाभाविक आहे, तेच ऑक्सिटोसिन. जुन्या मऊ सुती साडीचे १० सेंटिमीटर व्यासाचे गोल कापा, पाच-सहा थर एकत्र शिवा, आत ठेवा. ओले झाले की बदला, ओलसर राहिले तर बोंडीला बुरशी होते. आत प्लॅस्टिकचं अस्तर लावू नका. पान्हा फुटला असं वाटलं की दोन्ही हातांची घडी घालून तळहातानं छाती हलकेच दाबून धरा, मिनिटभरात थांबतो. प्रार्थनेत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाठीचं मात्र हलकं घेऊ नका. दूध साचलं की आधी जागा कडक होते, मग लाल, गरम आणि दुखरी, मग ताप. त्या बाजूनं पाजणं बंद करू नका. दूध बाळाला बाधत नाही, थांबवलं तर गाठ वाढते. बाळ पीत नसेल तर हातानं हलकेच काढा, जोर लावून चोळू नका. पाजून झाल्यावर थंड पाण्याची घडी ठेवा. २४ तासांत उतार पडला नाही, किंवा ताप चढतच गेला, तर डॉक्टरांकडे जा. पाजत असतानाही चालणारी औषधं असतात, मात्र पाजत असल्याचं त्यांना आधी सांगा. रविवारी रात्री आलेला ताप सोमवारी सकाळीही चढताच असेल, तर सीपीआरची (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाची) ओपीडी चुकवू नका, आणि बाळाला बरोबर न्या, वाट बघताना त्याला तिथेही पाजावं लागेल.